गावातलं दुकान रिकामं झालंय, सगळ्या घरांना पुरेल असा किराणा कसा आणायचा? सल्ला हवाय

माणदेशी_गडी | २९ मार्च २०२०

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण वाचा आणि ज्यांनी आपल्या गावात असं काही केलंय त्यांनी सांगा.

माझं गाव माण तालुक्यात, दहिवडीहून १८ किमी आत, वाड्यावस्त्या धरून २१० उंबरा. किराणा दुकानं दोन, त्यातलं एक नुसतं बिस्कीट-तंबाखूचं. मंगळवारी २४ तारखेला रात्री ८ वाजता टीव्हीवर २१ दिवस सगळं बंद असं ऐकलं आणि साडेआठला दुकानापुढं जत्रेसारखी गर्दी, दहा वाजेपर्यंत तेल, साखर, चहापावडर, कांदेबटाटे सगळं साफ. एकानं तर साखरेचं अख्खं पोतं गाडीवर टाकून नेलं. खोटं कशाला बोलू, आमच्या घरानंपण पाच किलो साखर आणि तेलाच्या सहा पिशव्या आणल्या.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी खालच्या वस्तीवरची एक मावशी आली, रोजंदारीवर जाते, मुठीत शंभराची नोट. दुकानदारानं गुळाची रिकामी पाटी तिच्यापुढं उलटी करून दाखवली. ती काही बोलली नाही, नोट परत पदराच्या गाठीत बांधली आणि गेली. मी तिथंच होतो. तिला आदल्या रात्री कळलंच नव्हतं, आणि कळलं असतं तरी आठवड्याचा पगार झाल्याशिवाय तिच्याकडं पैसे नसतात. तेव्हापासून डोक्यातनं ते जात नाही.

आता परिस्थिती अशी की ज्वारीची सुगी नुकतीच झालीये, बहुतेक घरांत ज्वारी आहे, गहू-हरभरापण थोडाफार. खायला दाणा आहे, पण तेल, मीठ, साखर, चहा, साबण, औषधं नाहीत. एसटी बंद, वडाप बंद, मोटरसायकलवर गेलं तर नाक्यावर काठी बसती. आणि मुंबईहून ३०-३५ माणसं आलीयेत, त्यांना शाळेत ठेवलंय, त्यांचंपण बघायचंय. वाशीच्या मार्केटला माथाडीत आहेत बरेच, आपलीच पोरं आहेत, कुणी वाईट बोलू नका.

तर विचारायचं हे की १) गावानं मिळून एकदम माल आणायचा तर कसा, २) प्रत्येक घराला किती द्यायचं, ३) आईची बीपीची गोळी १० दिवसांची उरलीये, काय करू?

---

तिसरी_पिढी_किराणा | २९ मार्च

दादा, मी कराड साईडचा, आमचं दुकान आज्यापासून आहे म्हणून लिहितो. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, माल संपलेला नाही. होलसेलच्या गोडाऊनला पोती पडून आहेत, पण हमाल नाहीत, ड्रायव्हर घाबरून घरी बसलेत आणि गोडाऊन दुपारच्या आत शटर ओढतंय. म्हणजे तुम्ही आयत्या वेळी गेलात तर रिकाम्या हातानं याल. आदल्या दिवशी फोनवर यादी लिहून द्या, त्यांना भरून ठेवू दे, सकाळी जायचं, पैसे रोख द्यायचे, पोती आपणच उचलायची. गाडीत ड्रायव्हर सोडून दोनच माणसं.

पाससाठी सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्या सह्यांचं एक पत्र करा, त्यात गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि मालाची यादी, आणि तहसीलला द्या. छोटा हत्ती किंवा पिकअप बघा, ट्रॅक्टर नको, एवढ्या लांब डिझेल परवडत नाही.

आणि महत्त्वाचं म्हणजे माल तुमच्या दुकानदारामार्फतच आणा. त्याला डावलून गावानं परस्पर वाटप केलं तर कोरोना गेल्यावर तो दुकान चालवणार नाही आणि तुम्हाला आयुष्यभर काडीपेटीला १८ किमी जावं लागेल. त्याला फक्त दोन अटी घाला, भाव पाटीवर लिहून बाहेर लावायचा आणि वहीत घरटी नोंद ठेवायची.

किती द्यायचं तर माणशी धरा, घरटी धरू नका. दोघं म्हातारा-म्हातारी आणि अकरा माणसांचं खटलं यांना सारखं कसं देणार? मी १५ दिवसांना माणशी पाव लिटर तेल आणि अर्धा किलो साखर धरतोय, मीठ मात्र घराला एक पुडा. गर्दी नको म्हणून सकाळी पोरगा आळीनं फिरून चिठ्ठ्या गोळा करतो, मी पिशव्या भरतो, चारनंतर आळीवार बोलावतो. पहिल्या दिवशी शिव्या खाल्ल्या, चौथ्या दिवशी लोकांना कळलं की आपली पिशवी आपल्याला मिळतीच, मग पळापळ थांबली.

---

सांगोल्याची_वहिनी | ३० मार्च

भाऊजी, यादी आधी छोटी करा. यादीत डाळ धरली असंल तर ती काढा, तुमच्याकडं तूर असंल की घरात! आम्ही चार दिवसांपूर्वी सासूबाईंचं जातं माळ्यावरनं काढलं, दहा वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता, दोघींनी खुंटा ठोकला, आधी मूठभर ज्वारी दळून टाकून दिली, मग तूर घेतली. रात्री भिजत घालायची, सकाळी निथळून कडक उन्हात खडखडीत वाळवायची, दाताखाली कट्ट वाजली पाहिजे, मगच जात्यात वैरायची. ओली राहिली तर पीठ होतं, आमचा पहिला घास असाच वाया गेला. सुपानं पाखडली की चुणी खाली राहते, ती म्हशीला. आता गल्लीतल्या सात घरांची डाळ आमच्या ओट्यावर होते.

भाजी नाही म्हणून रडू नका, हुलगे, मटकी, चवळी बघा कणगीत. हुलग्याचं माडगं, शेंगोळी, मटकीची उसळ, हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवला असेल तर त्याची भाजी. पोरांना चार दिवस नको वाटतं मग खातात. शेंगदाण्याचा कूट असला की तेलाची फोडणी निम्म्यानं भागते. आणि अंडी घ्या, कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो या अफवेपायी पोल्ट्रीवाले बुडालेत, आमच्या इथं कवडीमोल भावात देतात. कोंबडी, अंडं शिजवून खायला काहीच हरकत नाही.

चहाचं मात्र माझ्याकडं उत्तर नाही. आमच्यात गवती चहा नुसता गुळाच्या पाण्यात उकळतात.

---

आशा_कार्यकर्ती | ३० मार्च

तुमच्या आईचं आधी. गोळी बंद करू नका, एक दिवसाआड पण करू नका, बरेच जण पुरवायला म्हणून तसं करतात आणि मग रात्री धावपळ होते. रिकाम्या पाकिटाचा नाव आणि मिलिग्रॅम दिसेल असा फोटो काढा. तुमच्या गावच्या आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात, एका महिन्याच्या मागा. माझ्याकडं अशा ४३ जणांची यादी आहे, नाव, गोळी, किती उरल्या, आणि जी किराणाची गाडी जाते तीच केंद्रावर थांबून पिशवी घेऊन येते. यादीत बाळंतीण, टीबीचे पेशंट आणि मिरगीवाले विसरू नका, मिरगीची गोळी चुकली तर झटका येतो. इन्सुलिन असेल आणि फ्रीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करून माठात ठेवा, पाणी आत जाता कामा नये.

सॅनिटायझरमागं पळू नका. हात धुवायला साधा साबण पुरतो, आणि कुणी विकत असलाच तर सरकारनं २०० मिलीला १०० रुपये कमाल भाव ठरवलाय, त्यावर एक रुपया देऊ नका. मास्क सुती कापडाचे शिवून घ्या, रोज धुता येतात.

एक कळकळीची विनंती. कोरोनावर चालते असं ऐकून हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या गोळीची पाकिटं कुणी घरात आणून ठेवू नका. आमच्या गावातल्या एका मुलीला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असा कायमचा आजार, तिचं रोजचं औषध तेच आहे आणि परवा तिचे वडील चार मेडिकल फिरून रिकामे आले.

---

पुण्यात_अडकलेली | ३१ मार्च

माझे आईबाबा खटावात दोघंच आहेत, फोनवर "सगळं आहे गं" एवढंच म्हणतात. काल शेजारच्या काकूंना विचारलं तर कळलं आठ दिवस घरात तेल नाही, भाकरीबरोबर चटणी तीपण बिनतेलाची. म्हणून सांगते, यादी करताना म्हाताऱ्या माणसांना "काय पाहिजे" विचारू नका, ती नाहीच म्हणतील. घरात जाऊन डबे उघडून बघा.

---

रानवाट | ३१ मार्च

माझं मत वेगळं आहे. ज्यानं पोतं उचललंय त्याच्याकडनं ते काढा आधी. ग्रामपंचायतीनं दवंडी द्यावी, जादा माल आणून द्या नाहीतर नाव फळ्यावर.

---

गुरुजी_निवृत्त | १ एप्रिल

रानवाट, राग समजतो, पण फळ्यावर नाव लागलं तर पुढची वीस वर्षं ती दोन घरं एकमेकांच्या दारात जाणार नाहीत. त्यापेक्षा ज्यानं थोडं जास्त आणलंय त्यानं स्वतः पहिल्यांदा परत नेऊन द्यावं, गाजावाजा न करता.

७२ चा दुष्काळ मी पाहिलाय, तेव्हा मी १४ वर्षांचा होतो. खडी फोडायला आईबरोबर जायचो, सुकडी मिळायची, आणि रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशातनं आलेली लाल ज्वारी. तेव्हा दाणाच नव्हता आणि आज दाणा घरात आहे, हा मोठा फरक, म्हणून घाबरू नका. पण तेव्हा काम तरी होतं, रोज हातात पैसा पडायचा. आज त्या मावशीसारख्यांचं कामच बंद आहे. माल गावात आला तरी तिच्याकडं पैसे नसतील तर ती पुन्हा तशीच परत जाईल. तिची सोय आधी करा, बाकीचे आपण धट्टेकट्टे आहोत.

---

माणदेशी_गडी | १ एप्रिल

गुरुजी, बरोबर बोललात. उद्या सकाळी गावच्या समितीची मीटिंग आहे मारुतीच्या देवळापुढं, लांब लांब बसून. मांडतो तिथं.

---

रेशन_मित्र | १४ एप्रिल

धागा उशिरा वाचला. मावशींसारख्यांसाठी लिहितो. अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब कार्डाला नेहमीचं धान्य, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो, हे मिळणारच. त्याशिवाय एप्रिल ते जून माणशी ५ किलो तांदूळ फुकट. दोन्ही वेगवेगळं आहे, फुकटचं दिलं म्हणून विकतचं कापता येत नाही, पावती मागून घ्या. कार्डाला दरमहा एक किलो डाळपण जाहीर झालीये, आमच्याकडं अजून आली नाही. केशरी कार्डवाल्यांना मे-जूनमध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी मिळणार आहे.

बायांच्या जनधन खात्यात ५०० रुपये आलेत, खाते नंबरच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे वेगवेगळ्या दिवशी पडलेत. "काढले नाहीत तर परत जाणार" ही अफवा आहे, त्यापायी बँकेपुढं उन्हात म्हाताऱ्या बायका उभ्या राहतायत. पैसे कुठं जात नाहीत, घाई नको.

गॅसचंपण तसंच, दोन बुकिंगमध्ये आता १५ दिवसांचं अंतर ठेवलंय, भरलेली टाकी घरात असताना नंबर लावू नका.

---

तिसरी_पिढी_किराणा | १५ एप्रिल

माणदेशी दादा, काय झालं पुढं? गाडी निघाली का? इकडं कारखान्याच्या तळावर बीडकडची ऊसतोड माणसं अडकलीयेत, त्यांना त्यांच्या गावचं रेशन इथं मिळत नाही, म्हणून आम्ही चार दुकानदारांनी मिळून पीठ-मिरची-तेलाची पिशवी केलीये, त्या गडबडीत फोन करायचा राहिला.

---

माणदेशी_गडी | १९ एप्रिल

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा.

गाडी दोनदा जाऊन आली, ४ तारखेला आणि १६ ला. पास मिळायला दोन दिवस गेले, पहिल्या अर्जावर गाडी नंबर चुकला होता. दुकानदाराला बरोबर घेतलं, भाव पाटीवर लावला, माणशी पाव लिटर हाच हिशोब धरला. तेल दुसऱ्या खेपेला कमी पडलं, शेवटच्या १२ घरांना निम्मंच मिळालं, त्यांचं नाव पुढच्या खेपेला वर लिहिलंय. वहिनींनी सांगितल्यापासून आमच्या आळीत डाळ भरडायला तीन दगडी जाती फिरतायत, यादीतनं डाळ पूर्ण काढली, त्या पैशात मीठ आणि साबण जास्त आणला.

गुरुजींचं ऐकून मी घरी आईला म्हटलं, तेलाच्या सहापैकी तीन पिशव्या परत देऊ. आई म्हणाली चार दे. त्या घेऊन दुकानात गेलो, तिथं दोघंतिघं बसले होते, कुणी काही विचारलं नाही, संध्याकाळपर्यंत १९ पिशव्या आणि साखर वीसेक किलो परत आली. साखरेचं पोतं नेलं त्यानं काही आणलेलं नाही, त्याला कुणी काही म्हटलंपण नाही.

वस्तीवर रोजंदारीची २३ घरं निघाली. त्यांची पिशवी आधी भरायची आणि पैसे काम सुरू झाल्यावर द्यायचे, त्याची हमी सोसायटीतल्या आठ जणांनी मिळून घेतलीये, दुकानदाराला तसं लिहून दिलंय. मावशीकडं पहिली पिशवी मीच घेऊन गेलो. तिनं आधी पदराची गाठ सोडली, तीच शंभराची नोट पुढं केली, मी नको म्हटलं तर पिशवी घेईना. शेवटी वहीत १०० जमा लिहून तिला दाखवलं तेव्हा घेतली.

आईची गोळी मिळाली, महिन्याची. शाळेतल्या पोरांचे १४ दिवस संपले, सगळी बरी आहेत, पुढच्या खेपेला हमालीला तीच येणार आहेत, त्यांच्याइतकं ते काम कुणाला येत नाही.

आता राहिलंय जनावरांचं. दूध संकलन एकवेळच होतंय, पेंडीला पैसा सुटत नाही आणि दहिवडीत सरकी पेंड मिळेना. चुणी पुरत नाही. पुढची गाडी मंगळवारी आहे, म्हसवड किंवा फलटण बाजूला कुणाला पेंड मिळत असेल तर पोत्याच्या भावासकट सोमवार दुपारपर्यंत इथं लिहा, आम्हाला ३० पोती लागतील.