जपानमधले किल्ले आणि सामुराईंची घरे : आपले अनुभव

अरुणोदय

गेल्या रविवारी नातीला घेऊन सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलो होतो. पुणे आणि ओकायामा या शहरांच्या मैत्रीतून ही बाग झाली आणि ती तिथल्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे, एवढे तिला सांगितले, तर पूल ओलांडता ओलांडता तिने विचारले, "मग त्या खऱ्या बागेत असे काय आहे, जे इथे नाही?" मी पटकन म्हणालो, "किल्ला." घरी येईपर्यंत मग डोक्यात दुसरे काही आले नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरात मुलाकडे ओसाकाला मुक्काम होता, तेव्हा एक दिवस ओकायामाला जाऊन आलो. कोराकुएन १७०० साली पुरी झाली. तिच्या हिरवळीवर उभे राहिले की झाडांच्या शेंड्यांवर, आसाही नदीच्या पलीकडे, काळाकभिन्न किल्ला दिसतो आणि तो बागेच्याच मालकीचा वाटावा अशी ती सगळी आखणी आहे. मोठ्या उत्सुकतेने आत शिरलो, तर समोर लिफ्ट! तिथला सरदार उकिता हिदेइए याने १५९७ मध्ये पुरा केलेला मूळ मनोरा जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि आजचा मनोरा १९६६ साली काँक्रीटमध्ये उभारला, हे मला आत गेल्यावर कळले. वाचून न जाणे हा माझाच दोष. खट्टू होऊन बाहेर पडलो, तेव्हा तटाच्या कोपऱ्यावर एक लहानशी दुमजली चौकी दिसली. तिला त्सुकिमी यागुरा, म्हणजे चंद्र पाहण्याची चौकी, म्हणतात. ती सतराव्या शतकातली आहे आणि आगीतून वाचली आहे. आत जायला मिळाले नाही, पण तिच्यासमोर मी अर्धा तास बसून होतो.

आपल्यापैकी ज्यांनी तिकडचे किल्ले किंवा सामुराईंच्या वस्त्या पाहिल्या असतील, त्यांनी जरूर लिहावे. कुठे पाय थबकले आणि कुठे फसल्यासारखे वाटले, हे दोन्ही वाचायला आवडेल.

सायली_कोबे

आमच्या सासूबाईंच्या पायांत मोजे नव्हते, तेथून हिमेजीच्या किल्ल्याच्या भेटीची सुरुवात झाली. मनोऱ्यात शिरताना पादत्राणे काढून पिशवीत घालायची आणि ती पिशवी हातात घेऊन वर चढायचे, असा नियम आहे. महिना जानेवारीचा होता आणि लाकडी जमीन बर्फासारखी गार होती. जिने इतके उभे आहेत की दोन्ही हात कठड्याला लागतात. एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात कठडा, मग चपलांची पिशवी धरायची कोणी, हा प्रश्न त्यांनी मला पहिल्याच जिन्याशी विचारला.

मात्र एकदा चढू लागल्यावर त्या थांबल्या नाहीत. तळघरापासून वरपर्यंत दोन प्रचंड खांब सगळा मनोरा तोलून धरतात. त्यांतला पूर्वेकडचा जुना आणि पश्चिमेकडचा १९५६ ते १९६४ च्या दुरुस्तीत बदललेला आहे, असे मी सांगितले, तेव्हा प्रत्येक मजल्यावर "जुना कुठला?" असे विचारून त्याच खांबाला हात लावून त्या पुढे जात. आमचे वाईचे घर पाडताना त्यांनी तुळया विकलेल्या आहेत, त्यामुळे लाकडाची त्यांना पारख आहे.

सगळ्यात वरच्या मजल्यावर छोटे देऊळ आहे. ते पाहिल्यावर, "देव वर आहे हे आधी सांगितले असतेस, तर एवढी कुरकुर केली नसती," असे मलाच ऐकावे लागले. १९४५ च्या जुलैमध्ये भोवतालचे शहर जळत असताना वरच्या मजल्यावर पडलेला बॉम्ब पेटलाच नाही, हे ऐकून त्यांनी पुन्हा हात जोडले.

वाटसरू

सायलीताई, तुमच्या सासूबाईंनी मोजे घातले नाहीत हेच उत्तम केले. मी मात्सुमोतोला मोजे घालून गेलो होतो आणि डाव्या अंगठ्याने बाहेर डोकावून संपूर्ण किल्ला पाहिला. तिथला सर्वांत उभा जिना ६१ अंशांचा आहे. माझ्या मागच्या जपानी आजींच्या डोळ्यांसमोर तो अंगठा नेमका किती वेळ होता, याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

काकांच्या चंद्राच्या चौकीवरून आठवले. मात्सुमोतोचा काळा मनोरा लढाईसाठी बांधलेला असल्यामुळे आत अंधार, जाड भिंती आणि बंदुकांसाठी जंग्या आहेत. त्याला चिकटूनच १६३० च्या दशकात एक चंद्रदर्शनाचे दालन जोडले, त्याला मात्र तीन बाजूंनी उघडता येणारी दारे आहेत आणि बाहेरून लाल कठडा आहे. शोगुन, म्हणजे तेव्हाचा लष्करी सत्ताधीश, इएमित्सु येणार म्हणून ते बांधले, पण वाटेत दरड कोसळली आणि पाहुणे आलेच नाहीत, असे तिथे सांगतात. अंधाऱ्या जिन्यांवरून उतरून अचानक त्या उजेडात आल्यावर मला फाटक्या मोज्याचाही विसर पडला.

कडेकपारी

कोणाला दुखवायचे नाही, परंतु मी ओसाका आणि नागोया हे दोन किल्ले पाहून तिसऱ्याच्या वाटेला गेलो नाही. ओसाकाचा मनोरा १९३१ चा काँक्रीटचा आहे आणि नागोयाचा तर मी गेलो तेव्हा बंदच होता. राजगडावर चार भिंती उरल्या असतील, पण ज्या आहेत त्या खऱ्या आहेत. संग्रहालयाला किल्ल्याचा मुखवटा चढवला की त्याला किल्ला म्हणायचे का, असा माझा प्रश्न आहे.

चिरेबंदी

कडेकपारी, आपण शेंड्याकडे पाहिलेत आणि पायाकडे पाहिले नाहीत. ओसाकाचा मनोरा नवा असला तरी तटांचे चिरे सतराव्या शतकातले आहेत, आणि त्यांतला ताकोइशी नावाचा एकच दगड शंभर टनांहून अधिक वजनाचा असावा, असा अंदाज आहे. मूळचे मनोरे हवे असतील तर देशभरात बाराच उरले आहेत आणि आपण पाहिलेले दोन्ही त्यांत नाहीत. आपल्याकडच्या मराठा किल्ल्यांपैकीही बाराच २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे.

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता असल्यामुळे माझे पाय कुमामोतोला थबकले. तिथला तट खाली पसरट असून वर जाताना उभा होत जातो, त्यामुळे चढणारा सुरुवातीला सहज चढतो आणि पुढे अडकतो. या वळणाला मुशा-गाएशी, म्हणजे योद्ध्याला परत पाठवणारा, असे नाव आहे. सामुराईंच्या १८७७ च्या बंडाच्या वेळी तिथला मूळ मनोरा जळाला आणि आजचा १९६० सालचा काँक्रीटचा आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने तोही बाद. एप्रिल २०१६ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने झालेल्या भूकंपांनी मात्र नव्या-जुन्याचा भेद ठेवला नाही. मनोऱ्यावरची कौले पडली आणि तटही कोसळले. एक बुरूज तर कोपऱ्यावरच्या दगडांच्या एकाच रांगेवर तग धरून उभा राहिला.

मी २०१९ मध्ये गेलो, तेव्हा मनोऱ्यात प्रवेश नव्हता. बाहेरच्या मोकळ्या मैदानात पडलेले चिरे रांगेने मांडून ठेवले होते आणि प्रत्येकावर क्रमांक घातलेला होता. जुन्या छायाचित्रांशी ताडून, जो दगड जिथे होता तो तिथेच बसवायचा, अशी ती पद्धत आहे. हे संपूर्ण काम २०५२ पर्यंत चालेल असे नियोजन आहे. आमच्या कार्यालयात दोन वर्षांची मुदतवाढ मागितली तरी कपाळाला आठ्या पडतात.

कडेकपारी

चिरेबंदी, मैदानातल्या क्रमांक घातलेल्या दगडांपुढे माझा प्रश्न मागे घेतो. ओसाकाच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे.

मृण्मयी_क

किल्ल्यांविषयी सगळेच लिहीत आहेत, म्हणून मी घरांविषयी लिहिते. कानाझावाच्या नागामाची या वस्तीत आम्ही डिसेंबरात गेलो, तेव्हा गल्लीतल्या मातीच्या सगळ्या भिंतींवर गवताच्या चटया टांगलेल्या होत्या. मातीत ओल शिरून गोठली तर भिंत फुटते, म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर भिंतींना हे पांघरूण घालतात. माझ्या आजोळी पावसाळ्याआधी कुडाला झावळ्या बांधत, तेव्हा ते पाहून मला गल्लीत उभ्या उभ्या गहिवरून आले आणि नवऱ्याने मात्र "थंडी वाजते आहे का?" असे विचारले.

नोमुरा घराण्याच्या घरात बागेचे कौतुक सगळेच करतात आणि ते योग्यच आहे, पण माझ्या लक्षात राहिले ते तिथले एक पत्र. शत्रूकडच्या बड्या योद्ध्याला ठार करून त्याचे शिर पाठवल्याबद्दल धन्याने सामुराईचे आभार मानले आहेत, आणि भाषा अगदी आंब्याची पेटी पोहोचल्याची पोच द्यावी इतकी शांत आहे. अरुणोदय काका, तुमच्या खऱ्या-खोट्याच्या प्रश्नात इथे आणखी एक गुंता आहे, कारण घराचा मुख्य भाग नोमुरांचा नव्हेच. त्यांचे जुने घर १८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर गेले आणि एका धनाढ्य जहाजमालकाच्या वाड्यातली दालने आणून इथे बसवली.

तिथून थोडे चालले की आशिगारू, म्हणजे पायदळातल्या साध्या शिपायांची, दोन घरे आहेत आणि तिकीट नाही. छपराच्या फळ्या उडू नयेत म्हणून त्यांवर धोंडे ठेवले आहेत आणि मातीच्या भिंतीऐवजी कुंपणाला झुडपे आहेत. या प्रांताचे धनी असलेल्या माएदा घराण्याचे उत्पन्न दहा लाख कोकू होते, असे तिथे पावलोपावली ऐकू येते. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. त्या दहा लाखांतले शिपायाच्या वाट्याला किती येत असेल, ते त्याच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात उभे राहिल्यावर समजते.

शल्यविशारद

काकुनोदाते या सामुराईंच्या जुन्या गावी आम्ही मेच्या मध्यावर पोहोचलो आणि चेरीचा बहर संपलेला होता. पत्नी आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होती, कारण तारखा मी ठरवल्या होत्या. फुले नसल्याचा लाभ असा झाला की काळ्या लाकडी कुंपणांचा तो सरळ, रुंद रस्ता जवळजवळ मोकळा मिळाला. इशिगुरो घरात मालकांचे वंशज आजही एका भागात राहतात. दारे दोन आहेत, मोठे मानाच्या पाहुण्यांसाठी आणि बाजूचे घरच्यांसाठी. दोन खोल्यांमधल्या लाकडी जाळीत कासवे कोरलेली आहेत आणि दिव्याच्या उजेडात त्यांची सावली भिंतीवर पोहते.

आओयागी घराच्या आवारात मात्र मी पत्नीला तासभर ताटकळत ठेवले. जपानमध्ये १७७४ साली डच भाषेतून भाषांतरित होऊन जो शरीररचनेचा ग्रंथ छापला गेला, त्यातली चित्रे काढणारा ओदानो नाओताके हा याच गावचा सामुराई होता. तेव्हा तो पंचविशीच्या आतबाहेर होता आणि पुढे तिशीच्या सुमारास वारलाही. त्या चित्रातली हाताची हाडे मी काचेला नाक लावून पाहिली. कमरेला दोन तलवारी लावणाऱ्या माणसाने मनगटाची हाडे इतक्या मायेने रेखाटावीत, याचे मला फार अप्रूप वाटले.

वाटसरू

डॉक्टर, पत्नी आता बोलतात का?

शल्यविशारद

पुढच्या सहलीच्या तारखा त्यांनीच ठरवल्या आहेत, त्यामुळे संबंध सुधारले आहेत.

निवृत्तिनाथ

हागीचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून लिहितो. तिथला किल्ला १८७४ मध्ये पाडला गेला, तट आणि खंदक तेवढे उरले, पण सामुराईंच्या गल्ल्या अशा टिकल्या आहेत की जुना नकाशा घेऊन आजही फिरता येते. शत्रूला पुढचे दिसू नये म्हणून रस्ते काटकोनात मोडलेले आहेत. त्यांत शत्रूऐवजी मी दोनदा हरवलो.

मेमध्ये त्या भिंतींवरून पिवळी फळे लोंबत होती आणि त्याच झाडांना पांढरी फुलेही आली होती. फळ नात्सुमिकान, आपल्या पपनसासारखे आंबटसर. १८७६ च्या सुमारास सामुराईंचे तनखे बंद झाले आणि त्याच वर्षी तलवार बाळगण्यालाही बंदी आली. तेव्हा हागीतल्या निष्कांचन झालेल्या घराण्यांनी पोटासाठी अंगणांत ही झाडे लावली. उंच भिंती मूळच्या संरक्षणासाठी, पण वाऱ्यापासून झाडे राखायलाही त्याच उपयोगी पडल्या. फळांचा मुरांबा मी दोन बाटल्या आणला. तनखा हा शब्द आमच्या घरात आजोबांच्या तोंडी फार असे, त्यामुळे तो खाताना त्यांची आठवण झाली.

अरुणोदय

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नातीला तूर्त कासवाची सावली आणि वाटसरूंचा अंगठा एवढेच सांगितले आहे. शिराची पोच तिच्या आईच्या सल्ल्याने वगळली. सायलीताई, एक राहून गेले. चपलांची पिशवी शेवटी कोणी धरली?

सायली_कोबे

आमच्या मागून एक वयस्कर जपानी गृहस्थ येत होते. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी काही न बोलता पिशवी हातातून घेतली आणि वर पोहोचल्यावर दोन्ही हातांत धरून, वाकून परत केली. संक्रांत दोनच दिवसांपूर्वी झाली होती, म्हणून सासूबाईंनी पर्समधली तिळाची वडी त्यांच्या हातावर ठेवली. किल्ल्यात खायला मनाई असल्यामुळे त्यांनी ती रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.