नवा फ्रिज बिघडला, दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा. भरपाई कशी मागू?

कांदिवलीची_मेघना
दिवाळीत इथल्याच एका शोरूममधून ३४ हजारांचा डबल डोअर फ्रिज घेतला. पाडव्याला घरी आला आणि तुळशीचं लग्न लागायच्या आत कूलिंग गेलं. दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर जरा घुरघुरतो, टक् असा आवाज येतो की गप्प. मेकॅनिकने गॅस भरला, आठवड्यात पुन्हा तेच. आईची इन्सुलिनची दोन पेनं टाकून द्यावी लागली. आता इन्सुलिन शेजारच्या काकूंकडे असतं. आई रोज संकोचत त्यांची बेल वाजवते, ते बघून माझा जीव तुटतो. मॅनेजर म्हणतो, "मॅडम, आम्ही फक्त विकतो." फार मागे लागल्यावर सहा हजार कापून दुसरा द्यायला तयार झालाय. घेऊ का?

परळकर
अजिबात नको! वापरून जुना झालेला नाही, मुळातच खराब निघालाय. मग कपात कसली? 'तक्रार मिटली' अशा कुठल्याही कागदावर सही करू नका.

जुना_ग्राहक
ताई, दुकानदार आणि कंपनी दोघांनाही लेखी नोटीस द्या. ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टानेही पाठवा. पंधरा दिवसांची मुदत द्या. फ्रिज बदलून किंवा पूर्ण पैसे परत, हे आधी लिहा. त्याखाली इन्सुलिनचे पैसे, केमिस्टच्या बिलासकट. मनस्तापाचे वेगळे मागा, पण उगाच लाखांचा आकडा टाकू नका. ज्याचा कागद आहे ते ठामपणे मागता येतं.

सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निकाल मिळत नाही, पण पुष्कळदा कंपनी हलते. नाहीच हलली तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी वांद्रे पूर्वेचा उपनगर जिल्हा आयोग. ऑनलाइन ई-जागृती या सरकारी पोर्टलवरही होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तरी रेंगाळू नका. मसुदा जमत नसेल तर विलेपार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायतीत विचारा.

सर्व्हिसवाला_ठाणे
मी याच लाइनीत आहे. मेकॅनिक निघताना ओटीपी मागतो. तो दिला की तक्रार बंद, आणि सिस्टिममध्ये 'दुरुस्त झाले' असं पडतं. फ्रिज नीट गार होईपर्यंत ओटीपी देऊ नका. जॉबशीटवर, म्हणजे त्याच्या कामाच्या कागदावर, 'कूलिंग नाही' असं त्याच्याच हाताने लिहून घ्या आणि फोटो काढा. टक् आवाजाचा व्हिडिओही करून ठेवा.

कांदिवलीची_मेघना
ओटीपीचं कोणी बोललंच नव्हतं! मागच्या वेळी लगेच दिला होता. जॉबशीटवर फक्त 'गॅस चार्जिंग' आहे, पण तारीख आणि सही आहे. ती चालेल ना? सहा हजार कापून घेणार नाही, हे मॅनेजरला आत्ताच व्हॉट्सॲपवर कळवलं. नोटीस उद्या टाकते.

जुना_ग्राहक
चालेल. नवा फ्रिज असताना इतक्या लवकर गॅस भरावा लागला, हे त्यांच्याच कागदावर आलंय. नोटिशीला पहिली तीच जोडा.