एका पेपरला ४१२ सायटेशन, दुसऱ्याला ११. अर्जात काय लिहू?

प्रश्न

पीएचडी संपत आलीय, प्राध्यापकपदासाठी अर्ज भरतेय. विषय कॉम्प्युटर आर्किटेक्चर, त्यातही प्रीफेचिंग: प्रोसेसरला पुढे कुठला डेटा लागेल हे ओळखून तो आधीच कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत, आणून ठेवायचा. अडीच वर्षं खपून एक प्रीफेचर उभा केला. पेपर तीनदा परत आला, चौथ्यांदा एचपीसीए या कॉन्फरन्सला लागला. आजवरची सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांत झालेले उल्लेख, ११.

दुसऱ्या वर्षी मेमरी ट्रेस (प्रोग्रॅम मेमरीत कुठेकुठे जातो त्याची नोंद) गोळा करायला एक छोटं टूल लिहिलं होतं, स्वतःच्याच सोयीसाठी. गाईड म्हणाले, चार पानं लिहून वर्कशॉपला पाठवून दे. त्या चार पानांना ४१२.

अर्जात ‘संशोधनाचा प्रभाव’ असा रकाना आहे, आकड्यांसकट भरायचा. टूल पुढे केलं की खोटं बोलतेय असं वाटतं. प्रीफेचर पुढे केला तर तो आकडा बघून कुणी पुढचं वाचणारच नाही. काय करावं?

उत्तर १

टूलबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. ‘कॉम्प्युटर आर्किटेक्चर न्यूज’ हे वार्तापत्र बघा. तिथे मोठ्या कॉन्फरन्ससारखी कडक समीक्षा नसते. पण पॅटरसन आणि डिट्झेल यांनी ‘रिस्क’ची (RISC, कमी आणि सोप्या सूचनांवर चालणारा प्रोसेसर) बाजू मांडली ती १९८० साली तिथेच. ‘मेमरी वॉल’ (प्रोसेसरच्या वेगापुढे मेमरी मागे पडणं) हा शब्द ज्यामुळे सगळ्यांच्या तोंडी बसला तो वुल्फ आणि मॅकी यांचा १९९५ चा लेख तिथलाच, अवघ्या चार-पाच पानांचा. प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या जेम५ सिम्युलेटरचा २०११ चा पेपरसुद्धा तिथलाच. लोक रोज हातात घेतात ती गोष्ट बनवणं हेही संशोधनच आहे.

उत्तर २

मी निवड समित्यांवर बसलो आहे, त्याआधी काही वर्षं चिप डिझाइनमध्ये होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या विषयात आकड्याची एक मोठी अडचण आहे. आपल्या कामाचा सर्वांत महत्त्वाचा वापरकर्ता म्हणजे प्रोसेसर बनवणारा इंजिनिअर, आणि तो बहुतेक वेळा पेपर लिहीतच नाही. हिमेनेझ आणि लिन यांनी पर्सेप्ट्रॉन (एक साधं न्यूरल नेटवर्क) वापरून ब्रँचचा, म्हणजे प्रोग्रॅम पुढे कुठल्या वाटेने जाईल याचा, अंदाज बांधायची कल्पना २००१ मध्ये मांडली. पुढे एएमडी कंपनीच्या झेन प्रोसेसरमध्ये पर्सेप्ट्रॉन प्रेडिक्टर आला. असे प्रोसेसर लाखोंनी विकले गेले तरी त्यातून पेपरच्या खात्यात एकही सायटेशन पडत नाही. टोमासुलोंचा अल्गोरिदम (सूचना क्रम सोडून, जमेल तशा चालवायची रीत) १९६७ चा, आयबीएम ३६०/९१ या संगणकासाठी लिहिलेला. तीच चाल १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये लोकांच्या टेबलावर आली, आणि टोमासुलोंना कॉम्प्युटर आर्किटेक्चरमधला एकर्ट-मॉकली पुरस्कार मिळाला १९९७ मध्ये. तीस वर्षं! अर्जाच्या रकान्यात हे मावत नाही.

तेव्हा आकडा सोडा, ते ११ पेपर उघडा. प्रत्येकात तुमचा उल्लेख कुठे आहे ते शोधा. प्रस्तावनेत दहा-बारा जणांच्या घोळक्यात नाव असेल तर तो नुसता नमस्कार. पण कुणी बेसलाइन म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, तुमचा प्रीफेचर स्वतः पुन्हा बांधला असेल, तर त्या माणसाने तुमच्या वाक्यावाक्यावर दिवस घातले आहेत. समितीत मला असं काही वाचायला मिळालं की मी थांबून वाचतो. ‘एच-इंडेक्स (सायटेशनवरून काढलेला आकडा) अमुक’ हे वाचून मी आजवर कुणाला निवडलेलं नाही.

उत्तर ३

वरच्यांशी सहमत. एक जोडतो: स्वतःच्या लॅबमधली सायटेशन वेगळी काढून तसं स्पष्ट लिहा. कुणीतरी मोजतंच. आणि फॉर्ममध्ये इम्पॅक्ट फॅक्टर मागितला असेल तर एका वाक्यात सांगा की या विषयात चांगलं काम इस्का, मायक्रो, एचपीसीए आणि अॅस्प्लॉस या कॉन्फरन्समध्ये येतं. इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांमागे सरासरी किती सायटेशन) हे जर्नलचं माप आहे.

प्रश्नकर्ती

काल रात्री बसले. ११ पैकी ४ आमच्याच लॅबचे. ३ प्रस्तावनेतल्या घोळक्यात. ३ जणांनी प्रीफेचर पुन्हा बांधून तुलना केलीय, त्यातल्या एकाचे आकडे आमच्याशी जवळजवळ जुळतात. हे मला माहीतच नव्हतं.

अकरावा पेपर मात्र मी याआधी नीट वाचलाच नव्हता. त्यातली लेखिका दाखवते की ग्राफवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आमचा प्रीफेचर कोलमडतो. डेटाचे मेमरीतले पत्ते इतके विखुरलेले असतात की प्रीफेचर ज्या टेबलात नोंदी ठेवतो त्यातली नोंद कामी येण्याआधीच पुसली जाते. पहिल्यांदा वाचताना पोटात गोळा आला. मग तो परिच्छेद तीनदा वाचला. तिने आमचं टेबल आमच्यापेक्षा बारकाईने मोजलंय, आणि तिची दुरुस्ती आमच्याच कल्पनेवर उभी आहे.

रकान्यात आता टूलला दोन ओळी, मोकळेपणाने ४१२ सकट. बाकी सगळी जागा चार पेपरांना: पुन्हा बांधणारे तीन आणि हा अकरावा. लेखिकेला मेलही पाठवली, तिला सांगितलं: आम्ही टेबल इतकं लहान का ठेवलं होतं, आणि मोठं करून बघितलं तेव्हा काय झालं होतं ते. ते निकाल आम्ही पानं पुरेनात म्हणून गाळले होते.