छत फायबरचं, स्टेपनी मागच्या दारावर, मग अँटेना लावू कुठे?

चिखलगाडा
नमस्कार मंडळी, प्रश्न साधा आहे पण डोक्याचा पार भुगा झालाय. गाडी फोर बाय फोर, आखूड बॉडी, सगळं पत्र्याचं पण छत तेवढं फायबरचं. त्यावर पाइप वेल्डिंग करून बनवलेला लोखंडी रॅक, पावडर कोटिंगवाला, पुढचे पाय काचेच्या फ्रेमला बोल्टने आवळलेत. रेडिओ दोन मीटर बँडचा (144-146 मेगाहर्ट्झ, तरंगलांबी साधारण दोन मीटर), 50 वॉट. हॅमचं (हौशी रेडिओचं) लायसन्स आहे, तो विषय नको.

आत्तापर्यंत मॅग्नेटवाला अँटेना बोनेटवर चिकटवून भागवत होतो. गेल्या ट्रिपला एका दगडी चढावर डावं चाक धपकन खाली बसलं आणि अँटेना मॅग्नेटसकट सुटला, केबलला लोंबकळत दारावर टकटक करत राहिला आणि मी आत बसून गिअरबॉक्स गेला की काय म्हणून घामाघूम. उतरून बघतो तर दाराला सात-आठ टोचे, आणि बोनेटवर मॅग्नेट होता तिथे गोल चरा, खाली बारीक रेती अडकून रंग घासला गेलेला.

आता कायमचा बसवायचाय. तीन जागा डोक्यात आहेत: मागच्या दारावर स्टेपनीच्या ब्रॅकेटला, रॅकच्या कोपऱ्यावर, नाहीतर बोनेटच्या कडेला क्लॅम्प. मन स्टेपनीकडे झुकतंय कारण ग्रुपमधल्या दोघांनी तिथेच लावलाय आणि दिसतोही भारी. छताला भोक पाडायचं नाहीये, उगाच सुचवू नका.

जुनी_बॅटरी
भोक पाडून तुझ्या गाडीत तसाही उपयोग नाही, छत फायबरचं आहे ना.

थोडं इस्कटून सांगतो. आपण ज्या काडीला अँटेना म्हणतो तो अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा म्हणजे त्याच्या खालचा पत्रा. म्हणून पत्र्याच्या छताच्या मधोमध लावलेला साधा क्वार्टर वेव्ह, म्हणजे तरंगलांबीच्या पावपट काडीचा अँटेना, भल्याभल्यांना भारी पडतो, उंचीही मिळते आणि चारी बाजूंना सारखा पत्राही. दोन मीटरला क्वार्टर वेव्ह म्हणजे जेमतेम 49 सेंटीमीटरची काडी, आणि खाली तेवढ्याच त्रिज्येचा पत्रा हवा. तुझ्याकडे छतावर तो नाही, त्यामुळे आधी ‘गाडीत लोखंड कुठे आहे’ ते बघ, अँटेना कुठे शोभतो ते नंतर.

स्टेपनीवर लावू नको असं माझं स्पष्ट मत. एक तर दार बिजागरीवर, बिजागरीत ग्रीस आणि रंग, त्यामुळे अर्थिंग आज आहे उद्या नाही. दुसरं म्हणजे दर वेळी दार उघडलं की केबल त्याच जागी वाकणार, वर्षभरात आतली जाळी तुटते आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. तिसरं, काडीचा खालचा भाग टायर आणि रिमला खेटून राहणार, म्हणजे ट्यूनिंग बोंबललं. ग्रुपमधल्या दोघांना विचार, गाडीचं तोंड समोरच्याकडे करून बोलताना आणि पाठ करून बोलताना रिपोर्ट सारखाच येतो का म्हणून.

लांब_काडी
काका, जरा असहमत. मी मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर स्प्रिंगसकट लांब व्हिप (लवचिक काडी) लावून कित्येक वर्षं फिरतोय, मस्त चालतं. फांद्या लागल्या तर वाकतो, परत उभा राहतो. उजवीकडे पुढे जास्त लांब जातो आणि डावीकडे मागे थोडा कमी, त्याची सवय होते.

जुनी_बॅटरी
@लांब_काडी तुमचा सेट 27 मेगाहर्ट्झचा ना? तिथे तरंगलांबी 11 मीटर, क्वार्टर वेव्हच 2.6-2.7 मीटरची, एवढी काडी छतावर उभी कोण करणार? म्हणून बंपर, आणि तिथे अख्खी गाडी मिळून कसाबसा पत्रा पुरतो. सिग्नल समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे झुकतो हे तुमचं निरीक्षण बरोबरच, पत्रा ज्या बाजूला जास्त त्या बाजूला तो जातो. पण धागाकर्त्याची काडी अर्ध्या मीटरची आहे हो, बंपरवर लावली तर ती मागच्या काचेच्याही वर येणार नाही, सगळी बॉडीच्या आड. एका बँडचा अनुभव दुसऱ्या बँडला लावता येत नाही.

लांब_काडी
हो, माझा सीबी, म्हणजे 27 मेगाहर्ट्झच्या सिटिझन्स बँडचा सेट आहे, वरचं दोन मीटर वाचलंच नाही नीट. माघार.

वायरमन_अण्णा
रॅकवर लावा, पण लावायची पद्धत महत्त्वाची. पावडर कोटिंग म्हणजे चक्क इन्सुलेशन. ब्रॅकेट नुसतं बोल्टने आवळलं की एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते ते दाखवतो, एकला एक सगळ्यात चांगला) कधी दीड कधी तीन असं नाचत राहतं, मग माणूस अँटेना कापत बसतो. ब्रॅकेटखालचा रंग कानसेने घासून लोखंड चकाकेपर्यंत काढा, दात असलेला वॉशर घाला, आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा म्हणजे गंजणार नाही. आणि रॅकच्या पुढच्या पायापासून काचेच्या फ्रेमपर्यंत तांब्याच्या जाळीची चपटी पट्टी, जमेल तेवढी आखूड. गोल वायरचं वेटोळं करून जोडू नका.

मल्टीमीटरने तपासताना एक गंमत लक्षात ठेवा. काही अँटेनांच्या बुडात कॉइल असते, त्यांची मधली पिन आणि बाहेरची जाळी मल्टीमीटरवर शॉर्टच दिसते. तो बिघाड नाही. मी एकदा याच्यापायी नवीकोरी केबल कापून फेकलीये, बायको अजून आठवण करून देते.

केबलचं म्हणाल तर आरजी-58, म्हणजे नेहमीची पातळ अँटेना केबल, पाच मीटरला साधारण 1 डेसिबल खाते, म्हणजे तुमच्या 50 वॉटमधले 10 वॉट वाटेतच गेले. जास्तीची केबल सीटखाली गुंडाळून ठेवण्यापेक्षा कापून नवीन कनेक्टर लावा. काचेच्या बाजूच्या खांबातून आणणार असाल तर आधी तिथे पडद्यासारखी एअरबॅग आहे का बघा, असेल तर तिच्यावरून केबल अजिबात नको. दाराच्या रबराखालून आणली तर आत शिरायच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, नाहीतर पावसाचं पाणी केबलवरून सरकत थेट तुमच्या मांडीवर.

बोनेटवाली_ताई
माझं मत बोनेटच्या कडेला. उंची कमी मिळते हे मान्य, पण काडी डोळ्यासमोर राहते, फांदी येताना दिसते, आणि केबल आखूड. रॅकवर लावलेल्याचं काय होतं ते मी पाहिलंय, दाट झाडीत एका गाडीचा अँटेना बुडापासून उपटला गेला आणि पुढचे दोन तास त्यांना कळलंच नाही, आम्ही आपले हाका मारतोय. क्लॅम्पचे बारीक स्क्रू रंगातून खाली पत्र्यापर्यंत गेले पाहिजेत एवढं बघा, आणि बोनेट ते बॉडी एक अर्थिंगची पट्टी.

पत्र्याची कटकटच नको असेल तर हाफ वेव्ह घ्या, साधारण एक मीटर उंच, त्याला खाली पत्रा लागत नाही. फक्त तो लांब असल्यामुळे खडबडीत रस्त्यावर फार झुलतो आणि समोरच्याला आवाज लहरत ऐकू येतो.

जुनी_बॅटरी
ताईंचा फांद्यांचा मुद्दा बरोबर. म्हणूनच क्वार्टर वेव्हची पातळ स्टीलची काडी, आखूड असते, वाकते, तुटली तर दुसरी कापून लावता येते. मोठा, तरंगलांबीच्या पाच-अष्टमांशवाला, सव्वा मीटरच्या वर जातो तो, सपाट रस्त्याला ठीक, झाडीत नको.

@चिखलगाडा रॅकवर लावलास तर एलईडी लाइटबारपासून लांब ठेव. रेडिओ चालू, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारं बटण) पूर्ण उघडा, लांबचं एखादं अशक्त स्टेशन ऐकत राहा आणि लाइट चालू-बंद कर. लाइट लागल्यावर स्टेशन खरखरीत बुडालं तर लाइटबारचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) घाण करतोय. आणि एसडब्ल्यूआर एकला एक आला म्हणून पेढे वाटू नको, डमी लोडवरही (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर नुसती जिरवणारा रेझिस्टर) तो एकला एकच येतो आणि सिग्नल मात्र फाटकाबाहेर जात नाही. दीडच्या आत असला की मीटर बाजूला ठेव आणि प्रत्यक्ष बोलून बघ.

चिखलगाडा
मंडळी, दोन रविवार घालवून परत आलोय.

स्टेपनी बाद. रॅकच्या पुढच्या भागात दोन पाइपांमध्ये लोखंडी पत्रा वेल्ड करून घेतला, साधारण एक मीटर रुंद नि तेवढाच लांब, त्याच्या मधोमध क्वार्टर वेव्ह. अण्णांनी सांगितलं तसं रंग घासून वॉशर, आणि दोन्ही पुढच्या पायांना पट्टी. सुरुवातीला एसडब्ल्यूआर 144 मेगाहर्ट्झला 1.9 आणि 146 ला 1.3 येत होता, म्हणजे काडी आखूड पडतेय, बुडाचा स्क्रू सैल करून चार-पाच मिलिमीटर वर ओढली, आता सगळीकडे दीडच्या आत. हे पार्किंगमध्ये भिंतीला खेटून मोजत होतो तोवर आकडे वेडेवाकडे येत होते, मोकळ्या मैदानात दारं लावून मोजलं तेव्हा शांत झाले.

मग मित्राला टेकडीपलीकडे बसवला आणि मैदानात गाडी हळूहळू गोल फिरवत पाच वॉटवर बोलत राहिलो. जुना मॅग्नेटवाला बोनेटवर ठेवून फिरलो तेव्हा गाडीची पाठ त्याच्याकडे झाली की त्याच्या सिग्नल मीटरवर सातवरून तीनवर यायचं. नव्या जागेवरून पूर्ण फेरीत सात ते आठ, बास.

एकच राहिलंय. लाइटबार लावला की खरखर आहेच, पत्र्याच्या पुढेच अर्ध्या मीटरवर आहे तो. फेराइटचे मणी वायरवर घालून बघू की सरळ लाइटबार बंपरवर उतरवू?

वायरमन_अण्णा
आधी मणी, ड्रायव्हरच्या अगदी जवळ, आणि त्यातून वायर तीन-चार वेढे घेऊन. नुसता एकदा ओवून फारसं काही होत नाही. आणि रेडिओची पॉवर कुठून घेतलीये? लाइटबारच्याच रिलेवरून असेल तर आधी ती सोडव, थेट बॅटरीवरून दोन्ही वायरींना फ्यूज टाकून घे.

चिखलगाडा
…रिलेवरूनच घेतलीये. उद्या बोनेट उघडतो.