सीएचएसएच खेळ: ०.८५४ ऐवजी ०.८२७ का येतंय?

औंधकर
पुण्यात एमएस्सीच्या सेमिनारसाठी किस्किटच्या (क्वांटम प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर) सिम्युलेटरवर सीएचएसएच खेळ बसवलाय: अ‍ॅलिस आणि बॉब एकमेकांशी न बोलता प्रत्येकी ० किंवा १ हा प्रश्न घेतात आणि ० किंवा १ उत्तर देतात; दोघांचा प्रश्न १ असेल तर उत्तरं वेगळी, नाहीतर सारखी आली की जिंकले. क्वांटम डावपेचाने ०.८५४ यायला हवं. दोघांत वाटलेली बेल जोडी (एकमेकांत गुंतलेले दोन क्यूबिट), चार प्रश्नजोड्या, प्रत्येकी ८१९२ शॉट्स (फेऱ्या). अ‍ॅलिस प्रश्नानुसार आपला क्यूबिट झेड किंवा एक्स अक्षावर मोजते. बॉबला २२.५ अंश हवेत म्हणून मोजण्याआधी आर-वाय गेटला (क्यूबिट दिलेल्या कोनात फिरवणारी क्रिया) ∓पाय/८ दिलाय. जिंकण्याचं प्रमाण ०.८२७ च्या वर जातच नाही. शॉट्स वाढवू का?

पाषाण रोड
नको. एकूण ३२,७६८ शॉट्सना चढउतार ०.००२ च्या आसपास असतो, तुमची तफावत ०.०२७ आहे. घोळ कोनाचा आहे. पुस्तकातले २२.५ अंश हे अवस्था-सदिशाचे. ब्लॉख गोलावर (क्यूबिटची अवस्था गोलावरच्या बिंदूने दाखवण्याची पद्धत) तोच कोन दुप्पट, ४५ होतो, आणि आर-वाय ब्लॉखचाच कोन घेतो. बॉबच्या प्रश्न ० ला −पाय/४, प्रश्न १ ला +पाय/४ द्या. चिन्हं उलटी पडली तर थेट ०.५ वर याल.

आणि नुसती सरासरी बघू नका, चारही जोड्या वेगळ्या छापा. आत्ता अ‍ॅलिस झेड मोजते तिथे ०.९६ आणि एक्स मोजते तिथे ०.६९ दिसेल. कोन बरोबर असला की चारही ठिकाणी ०.८५४.

औंधकर
०.९६ आणि ०.६९, अगदी तेच! पाय/४ केल्यावर चारही ०.८५ च्या घरात आले. आता परीक्षक विचारणारच: याहून जास्त का नाही?

गणेशखिंड
फळ्यावर एका ओळीत दाखवा. अ‍ॅलिसचे दोन मोजमापांचे ऑपरेटर (उत्तर ±१ धरून) अ, आ. बॉबचे ब, भ. प्रत्येकाचा वर्ग १, आणि अ‍ॅलिसचे बॉबच्यांशी क्रमनिरपेक्ष (गुणाकाराचा क्रम बदलला तरी फरक नाही). स = अ(ब+भ) + आ(ब−भ) घेतलं, तर

२√२ − स = (१/√२) [ (अ − (ब+भ)/√२)² + (आ − (ब−भ)/√२)² ]

उजवीकडे वर्गांची बेरीज, ती ऋण होणार नाही. म्हणून स ची सरासरी २√२ च्या वर जात नाही. जिंकण्याची शक्यता १/२ + (स ची सरासरी)/८, म्हणजे जास्तीत जास्त ०.८५४. ही मर्यादा त्सिरेल्सन यांची, १९८०.

खरी गंमत स बरोबर २√२ ला पोचतो तिथे आहे. दोन्ही कंस त्या अवस्थेवर शून्य झाले की तिच्यावर अआ + आअ = ० निघतं. म्हणजे पेटी न उघडता, नुसत्या गुणांवरून आतली मोजमापं झेड-एक्ससारखी आहेत हे कळतं. सेमिनारमध्ये यावर वेळ घालवा.

पाषाण रोड
हीच मर्यादा एनपीए श्रेणीच्या (क्वांटम मर्यादा पायरीपायरीने वरून आवळत नेणारी गणिती पद्धत) पहिल्या पायरीवर संगणकाकडूनही काढता येते: १, अ, आ, ब, भ यांचं ५×५ मोमेंट मॅट्रिक्स (त्यांच्या जोडीजोडीच्या गुणाकारांच्या सरासऱ्यांचा तक्ता), कर्णावर सगळीकडे १. मॅट्रिक्स धन-अर्धनिश्चित (एकही आयगेनमूल्य ऋण नसलेलं) असण्याची अट घालायची विसरलात आणि घटक फक्त ±१ च्या आत ठेवले, तर उत्तर २.८२८ ऐवजी ४ येतं. मात्र सीएचएसएचला पहिली पायरी पुरते म्हणून सगळ्या खेळांना पुरेल असं लिहू नका. २०२० च्या एमआयपी-स्टार = आरई या संगणनशास्त्रातल्या निकालानुसार, कुठल्याही खेळाचं क्वांटम मूल्य (क्वांटम डावपेचांनी जिंकण्याची कमाल शक्यता) अंदाजाने तरी काढून देईल असा सर्वसाधारण अल्गोरिदम असूच शकत नाही.