श्री ठाणेदार तिकडं आधी आमदार होते की थेट खासदार झाले?

शहापूरकर८८:
मंडळी, काल घरी बाबांशी वाद झाला. ते म्हणायलेत आपले बेळगावचे ठाणेदार अमेरिकेत थेट खासदार झाले, मी म्हटलं त्याआधी मिशिगन राज्यात आमदार होते. बाबांनी कपाटातनं जुनं पिवळं पडलेलं कात्रण काढून पुढ्यात ठेवलं, तर ते २०१८ चं, गव्हर्नरच्या, म्हणजे तिकडच्या मुख्यमंत्र्यासारख्या पदाच्या, निवडणुकीचं निघालं. मग आमदार कधी होते? आणि तिकडचा आमदार आपल्यासारखाच असतो काय? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा की.

निपाणीवाला:
तुमचंच बरोबर आहे. २०१८ ला गव्हर्नरसाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला लोकच मत देतात ना त्यात, स्वतःचे पैसे घालून उतरले आणि तिसरे आले. डेट्रॉइटमध्ये मात्र मतं चांगली पडली होती, मग ॲन आर्बर सोडून तिथंच राहायला गेले आणि २०२० ला राज्याच्या हाउसवर, म्हणजे खालच्या सभागृहावर, निवडून आले. जानेवारी २०२१ पासून दोन वर्षं राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगला आमदार, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात खासदार म्हणून निवडून आले. तिकडं आमदाराची टर्मच दोन वर्षांची असते हो! खालच्या सभागृहात ११० जण, वरच्यात म्हणजे सिनेटमध्ये ३८, त्यांना ४ वर्षं. आपल्या कर्नाटकच्या विधानसभेत २२४ आणि ५ वर्षं.

खानापूरचा_मास्तर:
एकाच टर्ममध्ये उडी मारली हे मला नाही पटलं. ज्यांनी निवडून दिलं त्यांचं काम कधी करणार?

निपाणीवाला:
मास्तर, मलाही आधी तसंच वाटायचं. पण त्या दोन वर्षांत हाउसमध्ये रिपब्लिकनांचं बहुमत होतं, ५८ विरुद्ध ५२, विरोधातल्या नवख्या आमदाराचं बिल कमिटीतनं बाहेर येणंच मुश्किल. त्यात १९९२ पासून नियम असा की हाउसमध्ये आयुष्यात फक्त तीन टर्म, म्हणजे ६ वर्षं, सिनेटमध्ये ८. २०२२ ला लोकांनी मतदान करून तो बदलला, आता दोन्ही मिळून १२ वर्षं. घड्याळ लावूनच आत पाठवतात म्हटल्यावर माणूस पुढची जागा बघणारच, आपल्याकडं एकेका मतदारसंघात वीस-पंचवीस वर्षं एकच घर बसलेलं असतं ते बरं काय?

डेट्रॉइटजवळची_ताई:
मी मूळची बेळगावातल्या टिळकवाडीची. २०२२ ला इथं घरांपुढच्या गवतात त्यांच्या नावाच्या पाट्या रोवलेल्या, बघून मला भरूनच आलं, बेळगावात वाढलेला माणूस, १९७९ ला इकडं आला, ॲक्रन विद्यापीठात केमिस्ट्रीत पीएचडी केली. पण दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. डेट्रॉइटमध्ये काळ्या लोकांची वस्ती जास्त, ते जिंकले तेव्हा जवळजवळ ७० वर्षांत पहिल्यांदा शहराला काळा खासदार उरला नाही, आणि ते दुःख माझ्या शेजारच्या आजींनी मला अंगणात उभं राहून सांगितलंय. आपला माणूस म्हणून आनंद होतो, पण त्या आजींपुढं मला तो दाखवता आला नाही.

शहापूरकर८८:
ताई, हे आम्हाला इकडं बसून कळलंच नसतं. सगळं बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी कात्रणाच्या कडेला पेनानं "आमदार २०२१ ते २०२३" लिहून परत कपाटात ठेवलंय.