सल्ला हवा: रोलप्लेमधलं माझं पात्र पुठ्ठ्याचं वाटतंय (बजेट ५०० रु.)

रात्रपाळी_सांगली
नमस्कार मंडळी. आम्ही सात जण डिस्कॉर्डवर (गटानं गप्पा मारायचं ॲप) महाभारतावर फॅनफिक्शन रोलप्ले लिहितो, म्हणजे आधीच्या कथेतली पात्रं घेऊन आपल्या मनानं पुढं लिहायचं. प्रत्येकाकडे एक पात्र. आपली पाळी आली की दहा-पंधरा ओळींची टर्न टाकायची, तिथून पुढचा उचलतो. दीड वर्ष झालं. चौघं सांगली-मिरजेचे, दोघं साताऱ्याचे, एक जण पुण्यात नोकरीला. माझ्याकडे युयुत्सू. आठवत नसेल त्यांच्यासाठी: धृतराष्ट्राचा वैश्य दासीपासून झालेला मुलगा, युद्धाच्या तोंडावर पांडवांकडे गेला तो.

परवा आमच्यातला कर्ण म्हणाला, "तुझा युयुत्सू म्हणजे गणपतीच्या देखाव्यातला पुठ्ठ्याचा माणूस. उभा छान राहतो." सगळे हसले. राग आला, पण त्याचं खोटं नाही. नमुना देतो:

"युयुत्सू गंभीर होता. त्याच्या डोळ्यांत वेदना होती. धर्म आणि रक्त यांच्यात त्याचं मन दुभंगलं होतं. रात्रीच्या अंधारात तो गुपचूप पांडवांच्या छावणीकडे निघाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही."

दिवसा तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आवक-जावक लिहितो. लिहायला वेळ रात्री १० ते ११.३०. पुस्तक, ॲप, वही, कोर्स, काहीही सुचवा. बजेट ५०० च्या आत. टॅबलेट सुचवू नका, घेणार नाही.

गॅजेटगुरू_मिरज
मी मागच्या दिवाळीत ४२,००० चा टॅबलेट घेतला, पेन वेगळं. पात्राचे सगळे मुद्दे एका जागी, रंग देता येतात, कुठलाही शब्द शोधला की लगेच सापडतो. एकदा खर्च केला की दहा वर्षं बघायला नको. ५०० रुपयांत काय होतंय आजकाल?

रात्रपाळी_सांगली
दादा, शेवटची ओळ वाचली का?

गॅजेटगुरू_मिरज
वाचली. ईएमआयवर पण मिळतो.

प्रश्नावली_पीडित
मी एका ऑनलाइन लेखन कार्यशाळेला ३,५०० भरले होते. नाव घेत नाही. त्यांनी शंभर प्रश्नांचा फॉर्म दिला. पात्राचा आवडता रंग, आवडता पदार्थ, कशाची भीती वाटते, बालपणीची एक आठवण. मी तीन रविवार घालून भरला. माझ्या नायिकेला निळा रंग आवडतो आणि पालीची भीती वाटते. कथेत ना निळं काही आलं ना पाल आली. फॉर्म भरू नका. पैसे गेले ते गेले, रविवारही गेले.

सोमवारचा_शुद्धलेखक
युयुत्सु की युयुत्सू ते आधी ठरवा. मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्वान्त. मराठीत तत्सम शब्दाचं अंत्य अक्षर दीर्घ लिहितात हे मान्य, पण विशेषनामाला तोच नियम लावायचा का, यावर विचार व्हावा.

भडंगप्रेमी
विचार करा, तोवर मी चहा टाकतो. धागाकर्ते सांगलीचे दिसतात. भडंग हल्ली कुठलं चांगलं मिळतं? पूर्वीसारखा लसूण लागत नाही.

आस्तिक_आहे_मी
महाभारतावर फॅनफिक्शन? उद्या त्या कृष्णाला हॉटेल काढायला लावाल. धर्मग्रंथाशी खेळ नको.

पोथीवाला
अहो, मुक्तेश्वर आणि मोरोपंत काय करत होते मग? व्यासांचंच घेतलं आणि आपल्या तऱ्हेनं सांगितलं. आणि मूळ तरी कुठलं म्हणायचं? भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ एवढा काळ घालून, १,२५९ हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा कुठं एक पाठ हाताशी आला.

आता धागाकर्त्याला. तुमच्या नमुन्यात एक ढोबळ चूक आहे. युयुत्सू रात्री गुपचूप गेलेला नाही. भीष्मपर्वात युधिष्ठिर वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद घेऊन परत येताना दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभा राहून विचारतो, कोणी आमच्याकडे येणार का? तेव्हा हा भर दिवसा, सगळ्यांदेखत, दुंदुभी वाजवत जातो. चोरासारखा जाणारा माणूस वेगळा आणि नगारा वाजवत जाणारा वेगळा. तुमच्या पात्राचा अर्धा स्वभाव तिथंच होता, तो तुम्ही अंधारात घालवला.

आणि युधिष्ठिर त्याला घेताना काय म्हणतो ते बघा. धृतराष्ट्राचा पिंड आणि वंशाचा तंतू आता तुझ्यावरच दिसतो. म्हणजे स्वागत करता करता सांगून टाकलं, की तुझे सगळे भाऊ मरणार आहेत. हे ऐकून हा माणूस त्या रात्री जेवला असेल का? तुमच्या 'डोळ्यांत वेदना'पेक्षा हा प्रश्न घेऊन बसा.

आस्तिक_आहे_मी
तुम्ही वाचलंय म्हणजे बाकीच्यांनी खेळायची मुभा होत नाही.

साताऱ्याची_काकू
पोथीवाल्यांचं बरोबर. मी लिहीत नाही, वाचते फक्त, पण एक सांगते. शंभर कौरव म्हणतो ना आपण? त्या शंभरात युयुत्सू धरलेलाच नाही. गांधारीचे शंभर, वर दु:शला, आणि हा वेगळा. भावांची संख्या घोकतानाच त्याला बाहेर ठेवलंय.

आमच्या नात्यात असाच एक जण आहे. घरातल्या मोठ्या लग्नाच्या पत्रिकेत त्याचं नाव 'आपले नम्र'मध्ये घातलं नाही, खाली 'स्नेही परिवारा'त टाकलं. तो काही बोलला नाही. लग्नात सगळ्यात जास्त धावपळ त्यानंच केली, पाहुण्यांना स्टँडवरून आणण्यापासून मांडव सोडेपर्यंत. बावीस वर्षं झाली. ती पत्रिका अजून त्याच्या कपाटात आहे, कागदपत्रांच्या फाइलमध्ये, लाइट बिलांच्या मागं. हा माणूस लिहायचा असेल तर 'दुभंगलेलं मन' नको लिहू रे बाळा, लाइट बिलांच्या मागची पत्रिका लिही.

भडंगप्रेमी
काकू, दंडवत.

गॅजेटगुरू_मिरज
पत्रिका स्कॅन करून ठेवता येते.

आजोबा_सोंगाड्या_होते
मी कऱ्हाडकडचा. आमचा आज्जा गावच्या तमाशात सोंगाड्या. लिहिलेलं काही नसायचं. वगाची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ, बोलणं जाग्यावर उभं राहून रचायचं. बतावणी तर पूर्ण अशीच. तुमचा रोलप्ले म्हणजे हेच की वो, फक्त मोबाइलवर.

आज्जा म्हणायचा, राजा गप झाला तर चूक सोंगाड्याची. म्हंजे काय, तर आपलं बोलणं असं सोडायचं की समोरच्याला काहीतरी करावंच लागंल. आता तुमचा नमुना बघा. 'मागे वळून पाहिलं नाही.' बरं, मग? मी दुर्योधन असलो तर ह्यावर काय लिहू? दार तुम्ही आतनं लावून घेतलंय. त्यापेक्षा युयुत्सूनं जाता जाता कुणाचं तरी काहीतरी न्यायचं, कुणाचं तरी परत द्यायचं विसरायचं, कुणाला तरी चुकीच्या नावानं हाक मारायची. मग समोरचा हलतो. आणि समोरचा हलला की तुमचं पात्र आपोआप जिवंत दिसतं, त्यात तुमची करामत कमी असली तरी चालतं. ह्याला पैसे लागत नाहीत.

सांगलीचाच_एक
सांगलीत बसून तमाशाचं उदाहरण कशाला? १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीता स्वयंवर' केलं, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. पदं सूत्रधार म्हणायचा आणि भाषणं पात्रं आयत्या वेळी आपल्या शब्दांत करायची. मराठी रंगभूमीची सुरुवातच रोलप्लेनं झाली म्हणा. राक्षस आले की 'अललडुर्र' असा आरडाओरडा करत यायचे, म्हणून पुढं त्या नाटकांना अललडुर्र नाटकं म्हणायला लागले.

आजोबा_सोंगाड्या_होते
तमाशा त्याच्या आधीचा.

सांगलीचाच_एक
मी रंगभूमी म्हटलं.

(पुढचे नऊ प्रतिसाद ह्याच विषयावर असल्यानं वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. - संपादक)

सूर्यपुत्र_वॉन्लेसवाडी
मीच तो कर्ण. इथं धागा काढलास होय? बरं झालं, सगळ्यांसमोर बोलतो.

पुठ्ठा म्हणालो ते भाषेमुळं नाही. तुझी भाषा आमच्यापेक्षा बरी आहे. तुझ्या युयुत्सूला सगळं माहीत असतं, हा त्रास आहे. मार्चमध्ये तू लिहिलंस, 'युयुत्सूने कर्णाकडे पाहिले आणि त्याला कुंतीचे डोळे आठवले.' अरे, कर्ण कुंतीचा मुलगा हे खुद्द पांडवांना युद्ध संपल्यावर, मेलेल्यांना पाणी देताना कळतं, तेही कुंती सांगते तेव्हा. तुझ्या युयुत्सूला ते मार्चमध्ये कुठनं कळलं? तुला माहीत आहे म्हणून त्याला माहीत! आमच्यात ह्याला मेटागेमिंग म्हणतात. मी दोन आठवडे त्या गुपितावर एक प्रसंग बांधत होतो, तो तू एका ओळीत फोडलास.

दुसरं म्हणजे तो कधीच चुकत नाही. कुणावर खोटा संशय घेत नाही, उसनं घेऊन बुडवत नाही, चिडून भलत्यालाच बोलत नाही. आमचा दु:शासन एवढा अललडुर्र करत येतो, पण त्याच्या टर्नची लोक वाट बघतात. कारण तो हमखास घोटाळा करणार आणि आम्हाला निस्तरायला मिळणार.

रात्रपाळी_सांगली
कुंतीच्या डोळ्यांचं मान्य. पण मग तू माझ्या युयुत्सूला 'घाबरून मान खाली घातली' असं लिहिलंस ते? माझं पात्र मान कधी घालणार ते मी ठरवणार.

सूर्यपुत्र_वॉन्लेसवाडी
ते चुकलं. एकदाच झालंय पण.

रात्रपाळी_सांगली
तीनदा.

बेदाणा_नको_द्राक्ष_द्या
मी पाच वर्षं दुसऱ्या एका गटात आहे, आमचं वेगळ्या कथेवर चालतं. वर सांगितलंय तेच पुन्हा सांगते: फॉर्म नको. त्याऐवजी एका कागदावर फक्त तीन याद्या. ह्या क्षणी पात्राला काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि काय चुकीचं माहीत आहे. तिसरी यादी सगळ्यात कामाची. माझ्या पात्राला आठ महिने वाटत होतं की तिची बहीण तिच्यावर रागावली आहे. बहीण रागावलेलीच नव्हती. बहिणीचं पात्र लिहिणारीला मी सांगितलंही नाही, मनात ठेवून लिहीत राहिले. आठव्या महिन्यात दोघी भांडल्या तेव्हा ती खरोखर चकित झाली, आणि ते भांडण आमच्या गटात अजून निघतं.

वही घ्यायची तर साधी घ्या. महागड्या वहीत खोडायची भीती वाटते.

सोमवारचा_शुद्धलेखक
भर दिवसा की भरदिवसा, हेही बघावं.

पोथीवाला
एक राहिलं. पुढं आश्रमवासिक पर्वात धृतराष्ट्र वणव्यात गेल्याची बातमी येते, तेव्हा पांडव गंगेवर तर्पणाला जातात, आणि पुढं कुणाला करतात? युयुत्सूला. ज्याला मुलांत मोजलं नव्हतं, बापाला पाणी द्यायला तोच उरला. काकूंचा पत्रिकेवाला आठवला म्हणून लिहिलं.

साताऱ्याची_काकू
आमच्याकडंही शेवटी त्यानंच केलं सगळं. जाऊ दे.

रात्रपाळी_सांगली
(अठरा दिवसांनी)
मंडळी, सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो, शिव्या नका घालू.

फॉर्म भरू नको म्हणून दोघांनी सांगितलं. मी भरला. कार्यशाळेवाला नाही, आमच्या स्टोरेजच्या आवक रजिस्टरसारखा. ११० रुपयांचं लांब रजिस्टर आणलं, रकाने पाडले: तारीख, कुणाकडून आलं, काय आलं, कुणाला गेलं, बाकी काय. बेदाण्याचे लॉट लिहितो तसेच लिहिले. दुर्योधनाकडून आलेला जुना शेला, परत नाही. विदुराकडून शिकवणी, फेडलेली नाही. भीमावर विषप्रयोग होणार हे त्याला आधीच सांगितलं होतं, ते भीमाकडं येणं. एकूण २१२ नोंदी झाल्या. बाकीच्या रकान्यात काय राहतं ते बघताना पहिल्यांदा तो माणूस दिसला. गटाला रजिस्टर दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही.

पोथीवाले, रागावू नका, रात्र मी रात्रच ठेवली. दुंदुभी मात्र घेतली. कालची टर्न अशी:

"नगारखान्यात एकच जण होता, तोही नगाऱ्याला टेकून झोपलेला. युयुत्सूने त्याला पायाने हलवलं. मग लाज वाटून खाली बसला आणि खांद्याला हात लावला. 'ऊठ. वाजव.' म्हातारा डोळे चोळत उठला. टिपरू सापडेना. सापडलं. 'कुणाच्या नावानं वाजवू, मालक?' त्याने विचारलं. 'सगळ्यांचे बोल वेगळे असतात. तुमचा कुठला?'"

इथंच सोडली. उत्तर लिहिलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. चार मिनिटांत कर्णाची टर्न आली. कर्ण बाहेर अंधारात उभा राहून हे ऐकत होता म्हणे, आणि त्याने म्हाताऱ्याला बोल सांगितला: सूतांचा.

त्यावर काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही. आज पाळी माझी आहे.

आजोबा_सोंगाड्या_होते
राजा हलला!

पोथीवाला
रात्रीची दुंदुभी मला पटलेली नाही. पुढची टर्न टाकली की इथंही टाका.

सूर्यपुत्र_वॉन्लेसवाडी
अकरा वाजून गेले. लिही की.

गॅजेटगुरू_मिरज
२१२ नोंदी हाताने? टॅबलेटवर क्षणात शोधता आल्या असत्या. बजेटमधले ३९० उरलेत ना, त्यात पेनाची टोकं येतात.

भडंगप्रेमी
भडंगाचं कुणीच सांगितलं नाही.